काच, कडा आणि मागचा प्रकाश : वाचकांचे प्रश्न

सजावटीच्या काचेच्या वस्तूंचे स्टिल लाइफ छायाचित्रण करताना येणाऱ्या अडचणींविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया तोच आहे.

प्रश्न : माझ्याकडे फुंकून घडवलेली, पातळ भिंतींची, पूर्ण पारदर्शक फुलदाणी आहे. पांढऱ्या कागदापुढे ठेवून दोन्ही बाजूंनी सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरे कापड ताणलेले, मऊ प्रकाश देणारे चौकोनी दिवे) लावले, तरी छायाचित्रात तिच्या कडा कागदात विरून जातात आणि पोटावर मात्र सॉफ्टबॉक्सचे दोन पांढरे चौकोन ठळक दिसतात. दिवे वर-खाली केले, त्यांचा जोर कमी-जास्त केला, पण फरक पडला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपले दोन्ही दिवे फुलदाणीवर रोखलेले आहेत आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. लाकूड, कापड किंवा मातीचे भांडे स्वतःवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरते, म्हणून त्यांच्यावर दिवा धरला की ती दिसू लागतात. पारदर्शक काच असे काही करत नाही. तिच्यावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावरून आरशाप्रमाणे परावर्तित होतो आणि बाकीचा जवळजवळ सगळा आरपार निघून जातो. ते ४ टक्के म्हणजेच आपल्याला नकोसे झालेले पांढरे चौकोन. काचेकडे पाहताना आपण खरे तर तिच्या मागचे आणि भोवतालचे दृश्यच पाहत असतो, काही वक्रीभवनाने वाकलेले, काही परावर्तनाने परतून आलेले. तेव्हा काचेच्या मागे आणि भोवती काय असावे ते आधी ठरवावे आणि दिवा त्याच्यावर लावावा.

दोन्ही सॉफ्टबॉक्स तूर्त बंद करावेत. फुलदाणीच्या मागे ट्रेसिंग पेपरचा किंवा दुधी अ‍ॅक्रिलिक शीटचा अर्धपारदर्शक पडदा उभा करून त्याच्या पाठीमागून एकच दिवा पडद्यावर टाकावा. फुलदाणीच्या मध्यभागातून येणारे किरण फारसे वाकत नाहीत, म्हणून तिथे पडद्याचा पांढरेपणा जसाच्या तसा दिसतो. कडांकडे जावे तसतशी काचेची भिंत कॅमेऱ्याला तिरपी होत जाते, किरण अधिकाधिक वाकतात, आणि कडेतून जो भाग दिसतो तो समोरच्या पडद्याचा नसून त्याच्या बाजूचा असतो. बाजूला अंधार असेल तर कडेवर काळी रेघ उमटते. बाजूलाही पांढरे असेल तर कड नाहीशी होते. आपला पांढरा कागद चौकटीबाहेर बराच पसरलेला असणार आणि त्यात दोन सॉफ्टबॉक्सची भर पडली, त्यामुळे कडांना अंधार कुठे दिसलाच नाही. चारही बाजूंनी पांढऱ्या कापडाचा असलेला तयार प्रकाश-तंबू मी पारदर्शक काचेसाठी कधीच सुचवत नाही, तो याच कारणाने. त्यात चकाकत्या धातूची सोय होते, काचेचा मात्र आकारच हरवतो.

पडदा किती मोठा असावा, हा यातला कळीचा मुद्दा आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसेल तेवढाच तो असावा, फार तर बोटभर अधिक. समजा कॅमेरा फुलदाणीपासून १५० सेंमी अंतरावर आहे, फुलदाणीपाशी चौकटीची उंची ४० सेंमी भरते आणि पडदा फुलदाणीच्या ७० सेंमी मागे आहे. मग पडद्यापाशी हीच चौकट सुमारे ५९ सेंमी उंच भरेल आणि २:३ प्रमाणाच्या उभ्या चौकटीत तिची रुंदी सुमारे ३९ सेंमी होईल. पडद्याचा याबाहेरचा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून टाकावा. पुठ्ठे कायमचे चिकटवण्याआधी ते हातात धरून हळूहळू आत सरकवावेत आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फुलदाणीची कड पाहत राहावे. आधी केसाएवढी बारीक असलेली रेघ जाड आणि गडद होत जाते, मानेच्या वळणावर ती दाट होते आणि पोटाच्या फुगाऱ्यावर पुन्हा निमुळती होते. डावा आणि उजवा पुठ्ठा वेगवेगळा हलवता येत असल्यामुळे एका कडेला वजनदार आणि दुसऱ्या कडेला नाजूक रेघ ठेवणेही शक्य असते, आणि मला तशी रेघ दोन्हीकडच्या सारख्या रेघांपेक्षा अधिक जिवंत वाटते. फुलदाणीच्या काठाची रेघ वरच्या बाजूच्या पुठ्ठ्याने येते, त्यामुळे तोही विसरू नये.

बुडाचा भाग बहुधा सर्वांत त्रास देतो. फुंकलेल्या वस्तूचे बूड जाड असते, ते भिंगाचे काम करते आणि टेबलाचा पृष्ठभाग, कधी कधी टेबलाची पुढची धारसुद्धा, स्वतःच्या आत उलटी करून दाखवते. टेबलावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट दोन ठोकळ्यांवर उचलून ठेवावी आणि पडद्याची खालची बाजू तिच्या पातळीच्या थोडी खाली जाऊ द्यावी, म्हणजे बुडातही प्रकाश पोहोचतो.

एक्स्पोजर ठरवताना स्पॉट मीटरने (एका लहानशा भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या मीटरने) उजळलेल्या पडद्याचे मोजमाप घ्यावे आणि त्याहून दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अधिक एक्स्पोजर द्यावे. पडदा शुभ्र दिसावा, पण हिस्टोग्राम (चित्रातील गडद-उजळ भागांचा आलेख) उजव्या टोकाला जाऊन आपटू नये. अधिक शुभ्रतेच्या मोहाने प्रकाश वाढवला की लेन्समध्ये शिरलेला पसरट प्रकाश कडांची रेघ खाऊ लागतो आणि इतक्या कष्टाने आणलेला आकार पुन्हा फिका पडतो.

हे सगळे जमल्यावरच बाजूच्या एका सॉफ्टबॉक्सला परत बोलवावे. तो अरुंद आणि उभा असावा आणि त्याच्यापुढे थोडे अंतर सोडून ट्रेसिंग पेपर टांगावा. दिवा कागदाच्या एका बाजूला सरकवला की त्या बाजूला कागद उजळ आणि दुसऱ्या बाजूला मंद होत जातो, आणि फुलदाणीवर चौकोनाऐवजी हळुवार मावळणारी एक उभी झळाळी दिसते. फुलदाणीला पृष्ठभाग आहे हे कळण्यापुरती ती एक झळाळी पुरेशी आहे. खोलीतले बाकीचे दिवे बंद असावेत आणि कॅमेऱ्यापुढे लेन्सपुरते भोक पाडलेले काळे कापड असावे, नाहीतर ट्रायपॉडसह छायाचित्रकाराची आकृती फुलदाणीच्या पोटात उभी राहते.

प्रश्न : पैलू पाडलेल्या जाड काचेच्या वाडग्यासाठी मी काळी पार्श्वभूमी वापरतो आणि मागून दोन दिवे लावतो. कडा उजळतात, पण काळा रंग काळा न राहता राखाडी दिसतो आणि वाडग्यावर धुके पसरल्यासारखे वाटते.

उत्तर : आपली मांडणी तत्त्वतः योग्य आहे. पहिल्या प्रश्नातील रचना इथे नेमकी उलटी होते : चौकटीएवढा भाग काळा, त्याभोवती प्रकाश, आणि म्हणून मध्यभाग गडद व कडा उजळ. धुके कुठून येते ते मात्र अंदाजाने शोधू नये. वाडगा उचलून बाजूला ठेवावा आणि दिवे व एक्स्पोजर तसेच ठेवून रिकाम्या चौकटीचे एक छायाचित्र घ्यावे. तेही राखाडी आले तर दोष वाडग्यात नाही. अशा वेळी मागचे दिवे थेट लेन्सला दिसत आहेत किंवा त्यांचा प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर सांडतो आहे. लेन्सच्या जागी डोळा नेऊन पाहावे. तिथून दिव्याचा उजळ पृष्ठभाग दिसत असेल तर दिवा आणि लेन्स यांच्या मध्ये, चौकटीच्या जेमतेम बाहेर, काळा पुठ्ठा उभा करावा. मागून येणाऱ्या प्रकाशापुढे लेन्स हूड एकटे पुरत नाही. पार्श्वभूमीसाठी काळ्या कागदाऐवजी काळी मखमल घ्यावी आणि ती शक्य तितकी मागे न्यावी, कारण काळा कागदही बराच प्रकाश परत पाठवतो.

रिकामी चौकट स्वच्छ काळी आली, तर धुके वाडग्यावरच आहे. हाताचा तेलकटपणा किंवा साबणाचा वाळलेला थर साध्या उजेडात दिसत नाही, पण मागून प्रकाश आला की तो उठून दिसतो. वाडगा पुन्हा धुऊन शेवटचे विसळणे डिस्टिल्ड वॉटरने करावे आणि नंतर तो सुती हातमोज्यांनीच हाताळावा.

पैलूंविषयी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. काचेच्या आतून पृष्ठभागाकडे जाणारा किरण लंबाशी सुमारे ४२ अंशांहून अधिक कोन करत असेल तर तो बाहेर पडतच नाही, संपूर्ण परावर्तित होऊन आत वळतो. त्यामुळे पैलू पाडलेल्या वस्तूत प्रत्येक पैलू आपापल्या दिशेचा एखादा तुकडा उचलतो आणि शेजारचा पैलू भलतीकडचा. मोठा मऊ प्रकाश असेल तर पुष्कळ पैलूंना तो एकाच वेळी सापडतो आणि वाडगा पांढऱ्या तुकड्यांचा दिसतो. लहान, उघडा दिवा मोजक्याच पैलूंना सापडतो आणि तिथे ठिणगीसारखे बिंदू चमकतात. आकारासाठी मागचा मऊ प्रकाश ठेवून वरून व थोडे मागून एखादा छोटा उघडा एलईडी जोडावा आणि तो हातात धरून इंच-इंच फिरवत पाहावा. शिशाच्या काचेचा वक्रीभवनांक (किरण किती वाकतो त्याचे माप) साध्या काचेच्या सुमारे १.५२ या आकड्यापेक्षा अधिक असतो आणि ती रंगही अधिक फोडते, म्हणून छोट्या दिव्याखाली तिच्या पैलूंतून लाल-निळे कण दिसू लागतात. हे कण हिस्टोग्रामवर टोकाला गेले तरी चालतील. त्यांच्यासाठी सगळे छायाचित्र गडद करू नये.

प्रश्न : संगणकाचा एलसीडी मॉनिटर पूर्ण पांढरा करून तीच पार्श्वभूमी म्हणून वापरली. परावर्तने घालवण्यासाठी लेन्सवर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) लावला, तर साच्यात दाबून केलेल्या काचेच्या पक्ष्यात इंद्रधनुष्यी पट्टे दिसू लागले. लेन्स खराब झाली का?

उत्तर : लेन्स उत्तम आहे. एलसीडी मॉनिटरमधून बाहेर पडणारा प्रकाश मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. काच निवताना तिच्यात काही ताण अडकून राहिले असतील तर त्या ठिकाणी ती ध्रुवित प्रकाशाचे दोन भाग करते, दोहोंचा वेग वेगळा असतो, आणि पुढे पोलरायझर आला की हा फरक रंगांच्या रूपाने दिसतो. पट्टे जिथे दाट, तिथे ताण अधिक. नीट, सावकाश निववलेल्या वस्तूत असे रंग जवळजवळ दिसत नाहीत. हे रंग आपल्याला आवडले तर पोलरायझर फिरवून मॉनिटर काळा होईल अशा स्थितीत आणावा, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर ते अधिक खुलतील. नको असतील तर पोलरायझर काढून टाकावा.

परावर्तने घालवण्यासाठी त्याचा उपयोग एरवीही मर्यादितच असतो. साध्या काचेवरून लंबाशी सुमारे ५६ अंशांच्या कोनात, म्हणजे ब्रूस्टर कोनात, झालेले परावर्तनच पोलरायझरने पूर्ण पुसले जाते. गोलाकार वस्तूवर सगळे कोन एकाच वेळी हजर असतात, त्यामुळे एखादा पट्टा जातो आणि शेजारचा तसाच राहतो. शिवाय दीड ते दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो. नकोसे परावर्तन ज्या दिव्याचे आहे तो दिवा हलवणे किंवा त्याच्या वाटेत पुठ्ठा धरणे हा उपाय मला नेहमीच अधिक भरवशाचा वाटतो.

प्रश्न : गडद निळ्या काचेची अत्तराची कुपी काळ्या पार्श्वभूमीवर पूर्ण काळी येते.

उत्तर : रंगीत काचेचा रंग तिच्यातून आरपार आलेल्या प्रकाशातच दिसतो आणि आपल्या कुपीच्या मागे प्रकाशच नाही. कुपीच्या बाह्यरेषेपेक्षा किंचित लहान असा पांढऱ्या किंवा रुपेरी पुठ्ठ्याचा तुकडा कापून तो तिच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, थोडा तिरपा उभा करावा आणि एक अरुंद झोत फक्त त्याच्यावर टाकावा. सोनेरी पुठ्ठा पिवळसर किंवा तपकिरी काचेला शोभतो, निळीला तो मळकट करतो. कुपीत द्रव असेल तर ती भिंगासारखी वागते आणि पुठ्ठ्याच्या कडा आत दिसू लागतात. तेव्हा पुठ्ठा कुपीच्या जवळ आणून पाहावे.

प्रश्न : दुधी, ओपलसारखी झाक असलेली एक तबकडी माझ्याकडे आहे. ती हातात घेतल्यावर निळसर दिसते, पण मागून प्रकाश दिल्यावर छायाचित्रात मधासारखी पिवळसर येते. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार चित्राची रंगछटा जुळवणारी सोय) बदलून ती निळी केली तर पार्श्वभूमी बिघडते. यातला खरा रंग कोणता मानावा?

उत्तर : दोन्ही खरे आहेत. अशा काचेत अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात आणि ते निळ्या बाजूच्या लहान लहरींना अधिक विखुरतात. समोरून पाहणाऱ्याला हा विखुरलेला निळा प्रकाश दिसतो, तर आरपार येणाऱ्या प्रकाशातून निळा वजा झालेला असल्यामुळे तो पिवळसर वाटतो. आकाश दुपारी निळे आणि मावळतीला तांबूस दिसते त्याचे मूळही याच प्रकारच्या विखुरण्यात आहे. व्हाइट बॅलन्स साऱ्या चौकटीवर सारखाच लागू होतो, म्हणून त्याने हा प्रश्न सुटणार नाही. तो दिव्यांच्या प्रमाणातून सोडवावा लागेल.

या गुणाचे सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे ब्रिटिश म्युझियममधील लायकर्गस चषक. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील हे रोमन काचपात्र समोरून प्रकाश असताना हिरवे आणि मागून प्रकाश असताना लाल दिसते, कारण त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक कण आहेत. त्याचे एकच छायाचित्र दाखवले तर अर्धी वस्तू लपवल्यासारखे होते. आपल्या तबकडीच्या बाबतीत मात्र दोन्ही रंग एका चौकटीत आणणे शक्य आहे. मागचा दिवा अरुंद करून तबकडीच्या एकाच बाजूवर टाकावा, समोरून किंवा वरून मऊ प्रकाश द्यावा आणि तिच्यामागे गडद, रंगहीन पार्श्वभूमी ठेवावी. आधी फक्त समोरचा दिवा लावून निळा रंग हवा तितका आणावा, मग मागचा दिवा अगदी कमी जोरावर सुरू करून थोडा थोडा वाढवावा. दोन्ही दिवे एकाच रंगतापमानाचे असणे आवश्यक आहे, अन्यथा काचेचा रंग कोणता आणि दिव्याचा कोणता हे सांगता येणार नाही. ज्या वाचकांकडे निओडिमियम मिसळलेली फिकट जांभळी काच असेल त्यांनीही दिवा जपून निवडावा : सूर्यप्रकाशात जांभळी दिसणारी ही काच फ्लुरोसेंट नळीखाली निळसर होते.

प्रश्न : पांढऱ्या चिनी मातीची बरणी आणि पारदर्शक काचेची सुरई एकत्र मांडायची आहे. बरणी नीट आली की सुरई दिसत नाही, सुरई आली की बरणी करडी पडते.

उत्तर : ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ मध्ये काचेच्या वस्तूंचे छायाचित्र प्रसिद्ध करताना नोंदवले होते की पांढरी चिनी माती आणि काच एकाच चित्रात नीट साधत नाहीत, कारण काचेचे चित्र धड सुरूही झालेले नसते तोवर अधिक उजळ असलेल्या चिनी मातीचे पूर्ण होऊन जाते. आज आपल्याकडे प्रकाश वाटून देण्याची साधने आहेत. सुरईसाठी पहिल्या उत्तरातला उजळलेला पडदा ठेवावा आणि बरणीवर समोरून, ग्रिड किंवा स्नूट (झोत अरुंद करणारी जाळी किंवा नळी) लावलेला असा झोत टाकावा जो सुरईवर सांडणार नाही. तरीही सुरईची बरणीकडची कड गायब झालेली आढळेल. त्या कडेला आता अंधाराऐवजी पांढरी बरणी दिसते आहे! दोन्ही वस्तूंमधले अंतर थोडे वाढवावे, किंवा बरणीच्या आड, कॅमेऱ्याला न दिसणारी, काळ्या पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी सुरईकडे तोंड करून उभी करावी. पट्टीची जागा अंगुळभर चुकली तरी रेघ येत नाही, तेव्हा इथे घाई करू नये. एवढे करूनही समतोल साधला नाही तर कॅमेरा न हलवता दोन्ही वस्तूंसाठी वेगवेगळी छायाचित्रे घेऊन ती जोडण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : हाताने घडवलेल्या काचेतील बुडबुडे छायाचित्रात काढून टाकावेत का? आणि धुळीचे कण?

उत्तर : धूळ अवश्य काढावी, आणि शक्य तितकी चित्र घेण्याआधीच, हवेच्या ब्लोअरने आणि मऊ ब्रशने. कोरड्या कापडाने घासू नये. त्याने काचेवर स्थिर विद्युत साचते आणि ती आणखी धूळ ओढते. जे उरेल ते संगणकावर पुसावे. बुडबुडे मात्र त्या वस्तूचेच आहेत. वस्तू कोणाला विकत घेण्यासाठी दाखवायची असेल किंवा तिची नोंद ठेवायची असेल, तर ते पुसणे म्हणजे वस्तूविषयी खोटे सांगणे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या आकारात पाहताना दोहोंतला फरक सहज ओळखता येतो : मागून प्रकाश असताना बुडबुड्याला स्वच्छ काळे कडे आणि मध्ये उजळ बिंदू असतो, धुळीचा कण मात्र वेडावाकडा आणि करडा दिसतो. शंका राहिली तर वस्तू जागेवर असतानाच त्या ठिकाणी ब्रशचे टोक फिरवून दुसरे छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.